धम्माच्या देशातली भुतं

माझा धाकटा भाऊ वीज खात्यात वायरमन होता, आणि तालुक्यातली निम्मी भुतं आपण पळवली असं तो आजही छाती पुढं काढून सांगतो. कशी पळवली, तर बल्ब लावून. वाण नदीच्या वाटेवर चकवा होता, म्हणजे वाटसराला एकाच बांधाभोवती गोल गोल फिरवणारं भूत. तिथं यानं खांब उभा केला आणि चकवा गेला. वरवट बकालच्या रस्त्यावर चिंचेखाली हडळ होती. तिथं दिवा लागला आणि हडळीनं बिऱ्हाड हलवलं. पुढं लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा ही सगळी मंडळी आपापल्या जागी परत आली, पण एवढा भाग तो गाळतो. तो मी सांगते.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. देवांच्या मागोमाग भुतंही गेली, असं आमच्या घरात धरून चालतात. शेंदराचा दगड गेला तसा पिंपळावरचा मुंजाही गेला. शेजारची पोरं चिंचेखालून जाताना छातीवर थू थू करायची, आम्ही मान ताठ ठेवून जायचो. भीती वाटायचीच, पण ती सांगायची सोय नव्हती. पळत घरी आलं की आजोबा विचारायचे, "काय दिसलं?" काही दिसलं म्हटलं तर मार, आणि काही नाही दिसलं म्हटलं तर "मंग पळून काऊन राह्यला?" म्हणून मार. असं आमचं विवेकी शिक्षण झालं.

भावानं ही गादी पुढं चालवली. तो विहाराच्या कमिटीचा सचिव. कुठलाही कार्यक्रम असो, जेवणाआधी त्याचे प्रयोग ठरलेले. जिभेवर कापूर पेटवायचा, लिंबातून रक्त काढायचं, नारळावर पाणी शिंपडून जाळ काढायचा, आणि मग यात चमत्कार कसा नाही ते समजावून सांगायचं. एकदा नारळ ठरल्यापेक्षा जास्त पेटला आणि विहाराच्या नव्याकोऱ्या सतरंजीला भोक पडलं. कमिटीचे खजिनदार आणि भाऊ यांचं कधीच जमलं नाही. खजिनदार आजही बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी ते भोक दाखवतात आणि मग बुद्धमूर्ती.

मी खामगावात राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले, पण चुका काढायची सवय निवृत्त झाली नाही. भावाची चेष्टा हा माझा जुना धंदा आहे. एका बाबतीत मात्र मी त्याची चेष्टा कधी केली नव्हती. आमच्या पट्ट्यातलं पाणी खारं. माणसं किडनीनं जातात आणि गावात नाव मात्र भुताचं होतं. माझ्या भावजयीचं अंग सुजायला लागलं तेव्हा गल्लीतल्या बायांनी निदान केलं, की हिला बाहेरचं लागलंय, अमुक बाबाकडं न्या. भाऊ त्यांच्या अंगावर धावून गेला. त्यानं बायकोला डायलिसिसला नेलं, आधी एसटीनं, मग तिची पाठ दुखायला लागली तेव्हा जीपनं, मग दवाखान्यातच ठेवलं. ती गेली. शेजारीण म्हणाली, निदान कावळ्याला भाताचा घास तरी ठेवा. तो म्हणाला, "मेलं मानूस जेवत नाही." विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भाषणं झाली, आभार त्यानं स्वतः माईकवरून मानले. डोळ्यांत टिपूस नाही. आमच्या आजोबांना शोभेल असा नातू, म्हणून मला त्याचा अभिमान वाटला.

त्यांना एकच मुलगी. नर्सिंग झालेली, शांत, आणि विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर देणारी. हा शेवटचा गुण आपल्याकडं फार महाग पडतो, हे तिला कुणी शिकवलं नाही. तिला पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागत होती, तर भाऊ म्हणाला, "एकटी पोरगी, एवढ्या दूर?" मग खामगावात जपानी शिकवणारा क्लास निघाला. क्लासवाले म्हणाले, जपानात म्हातारे फार आणि सांभाळणारे कमी, भाषा शिका, आम्ही पाठवतो. भाऊ एका पायावर तयार! का, तर जपान म्हणजे बुद्धाचा देश. पुणं त्याला लांब पडत होतं, जपान घरच्यासारखं वाटलं. "तिथं समदे आपलेच हायेत, बाई," तो मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं बहुधा पांढऱ्या साड्या नेसलेल्या, पंचशील म्हणणाऱ्या जपानी बायका आल्या असाव्यात.

भाची माझ्याकडं राहायला आली. क्लास एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे पोरींच्या कपड्यांना युरियाचा वास यायचा. शिकवणारे सर अकोल्याचे. जपानात मासळीच्या कारखान्यात राहून आलेले. ते सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार करायचे. केळीवाल्यालाही करायचे, आणि केळीवाला गोंधळून एखादं केळ जास्त द्यायचा. पोरींनी भाषा पाठ करावी म्हणून सर त्यांना तिकडच्या भुतांच्या गोष्टी सांगत. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही ज्या म्हाताऱ्यांची सेवा करणार ते याच गोष्टी ऐकून मोठे झालेत. बोलायला विषय हवा की नको?

त्यामुळे रोज चहाच्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात एक जपानी भूत हजर. भाची ओट्याशी उभी राहून सांगायची आणि मी पीठ चाळल्यासारखी त्यांना चाळून काढायची.

"आत्या, त्यायच्याकडे मळ चाटनारं भूत हाये. घरात कोनी नसलं का येते अन् मोरी चाटून जाते."

"कामाचं हाये," मी म्हटलं. "आपल्या एखाद्या बसस्थानकावर आनून सोडलं, तर अजीर्णानं मरन बिचारं."

मग एक भूत नदीकाठी बसून नुसती कडधान्यं धुतं. कुणाला धरत नाही, झपाटत नाही, धुतं. एक भूत झोपलेल्या माणसाची उशी डोक्याखालून काढून पायांशी नेऊन ठेवतं, एवढंच त्याचं काम. एक नदीत राहतं, पोराएवढं, पाठीवर कासवाचं कवच आणि डोक्यावर खोलगट ताटली. ताटलीत पाणी आहे तोवर ते घोड्यालाही ओढून नेतं. आपण त्याला वाकून नमस्कार केला की तेही शिष्टाचारानं वाकतं, पाणी सांडतं आणि त्याची सगळी ताकद जाते. हे ऐकून मला क्लासच्या सरांचं वाकणं एकदम समजलं. आणि जुनी छत्री अडगळीत टाकली, तिची कदर केली नाही, तर काही वर्षांनी तिला एक डोळा फुटतो, एक पाय फुटतो आणि ती उड्या मारत येते.

मला हे सगळं पसंत पडलं. आमची भुतं आळशी. चिंचेवर बसायचं आणि येईल त्याला धरायचं, एवढं एकच काम सगळ्यांना. तिकडं कामांची रीतसर वाटणी होती, आणि कुणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नव्हतं. जपान पुढं का गेलं ते तिथंच कळलं.

भाचीची मुलाखत झाली, ती पास झाली. एका वृद्धाश्रमानं तिला पसंत केलं. आता फक्त निघायचं होतं. पण आमच्याकडं माणूस नुसता निघत नाही, त्याचा आधी सत्कार होतो. भावानं विहारात रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. मोठा फ्लेक्स छापला. मागं बर्फाचा डोंगर, पुढं कमळ, डावीकडं भाचीचा पासपोर्टचा फोटो आणि उजवीकडं भावाचा, तिच्या दुप्पट. जणू जपानला तोच चालला होता. शाल झाली, गुच्छ झाला, खजिनदारांनी चेहरा आंबट करून दोन शब्द बोलून घेतले. मग भाचीला बोलायला उभं केलं. विषय भावानंच दिलेला: जपान, धम्माचा देश.

ती चांगलं बोलली. तिथली स्वच्छता, वेळ पाळणं, म्हाताऱ्यांचा मान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पहिल्या ओळीतले एक म्हातारे उभे राहिले. आजोबांच्या वेळचे, कानानं कमी. ते म्हणाले, "पोरी, बुद्धाचा देश तो. तिथं भूतबित, अंधश्रद्धा, असं काही नसन ना?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते सगळ्या विहाराला माहीत होतं. फक्त भाचीला तो प्रश्न वाटला.

"हाये ना आजोबा," ती म्हणाली. "लय हायेत."

आणि ती खुलली. इतके दिवस माझ्या स्वयंपाकघरात जी तालीम झाली होती ती सगळी कामी आली. नदीतल्या भुताचा नमस्कार तिनं वाकून करून दाखवला. छत्रीचं भूत सांगताना एका पायावर उडी मारली. पोरं खिदळायला लागली. मोठ्यांच्या माना मात्र हळूहळू भावाकडं वळल्या. तो माईकच्या वायरशी उभा होता आणि त्याचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला होता.

"अन् ऑगस्टमधी," भाची म्हणाली, "तिथं घरोघरची मेलेली मानसं परत येतात. मंग भंते येतात, सूत्रपठन करतात, अन्..."

खजिनदार उठले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आयता ताटात येईल असं त्यांना वाटलं नसावं. "भंते?" ते म्हणाले. "भुतासाठी भंते?"

"हाव," भाची म्हणाली.

भावानं माईक ओढून घेतला आणि कार्यक्रम संपला, चिवडा-बुंदी घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये, असं जाहीर केलं. बुंदी खाता खाता खजिनदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सचिव साहेब, तुमी पोरीले जपानले धाडून राह्यले, का जपानची भुतं विहारात आनून राह्यले?" लोक हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. भावानं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी बुंदीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवर सांगितलं, पोरगी जाणार नाही. भाचीला गावी बोलावून घेतलं. बर्फाच्या डोंगराचा तो फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर पाऊस लागू नये म्हणून अंथरला, तोही उलटा. क्लासच्या सरांचा मला फोन आला, की होकार लवकर कळवा, नाही तर ही जागा दुसऱ्या मुलीला जाईल. मी भाचीला म्हटलं, तू सज्ञान आहेस, कमावती आहेस, सरळ निघून ये, शेगावहून गाडीत मी बसवून देते. ती म्हणाली, "बाबा हो म्हनतीन तरच जाईन, आत्या." मला असा संताप आला! या घरात भुतं गेली, देव गेले, पण पोरीनं बापाच्या तोंडाकडं पाहायची रीत कुणी नदीत सोडली नाही.

मी बस धरली आणि गावी गेले. सबंध वाटेवर काय बोलायचं ते घोकत होते. भर दुपारी पोचले. भाऊ ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाईल घेऊन बसला होता. त्यानं म्हणे रोज जपानी भुतांचे व्हिडिओ पाहायचा सपाटा लावला होता. भुतांचा इतका अभ्यास पंचक्रोशीतल्या मांत्रिकानं केला नसेल.

"बाई, छत्रीचं भूत!" मी चप्पल काढायच्या आत तो सुरू झाला. "निदान मानसाचं तरी ठेवाव. आमी लोकायले काय तोंड दाखवावं?"

"तुह्या छत्रीले कोनी भूत करनार नाही. ते तू दरसाल बसमधी इसरून येतं."

"तू हासू नको. तिथं तोंड फाटलेली बाई फिरते. मास्क लावून. मानसाले आडवते अन् इचारते, मी सुंदर हाओ का? नाही म्हना, मारते. हो म्हना, मास्क काढते अन् मंग मारते."

"अन् तू ज्या पाहुन्यायले पोरगी पाहाले बलावलं होतं, ते?" मी म्हटलं. "रंग इचारला, उंची इचारली, चालून दाखव म्हने, पगार कोनाच्या हातात देशीन म्हने. त्यायच्यापेक्षा ते बाई बरी. एकच गोष्ट इचारते."

तो तिथून थेट आजोबांवर गेला. "आपल्या आज्यानं भुतं नदीत सोडली, अन् मी पोटची पोर भुतायच्या देशात धाडू?"

"तुले भेव वाटते का भुतायचं?"

"मले?" तो खुर्चीतून अर्धा उठला. "मी पावसात खांबावर चढलेला मानूस हाओ. मले भेव?"

"मंग?"

"इज्जत हाये का नाही काही?"

मग मी बसमध्ये घोकलेलं सगळं सोडलं. म्हटलं, इज्जतबिज्जत काही नाही. पोरगी गेली की या घरात तू एकटा, भिंतीशी बोलावं लागेल, चहा स्वतःच्या हातानं करावा लागेल, त्याचं भेव आहे तुला. ते सरळ कबूल कर आणि जपानच्या भुतांना मध्ये घेऊ नको. ती बिचारी आपापली कामं करून राह्यली. हे बोलून मी पाणी प्यायले. मला स्वतःचं भाषण फार आवडलं होतं. भाऊ मोबाईलची काच बोटानं पुसत बसला.

भाची आत स्वयंपाक करत होती. ती एक ताटली घेऊन बाहेर आली आणि बापापुढं जमिनीवर ठेवली. ताटलीत एक काकडी होती आणि एक वांगं. दोघांनाही तिनं तुराटीच्या काड्या खोचून चार चार पाय केले होते. ती उभी राहिली होती, जरा वाकडी, पण उभी.

"बाबा, त्या दिवशी तुमी माईक घेतला," ती म्हणाली, "तवा हे सांगाचं राह्यलं होतं. ऑगस्टमधी मेलेली मानसं घरी येतात ना, त्यायच्यासाठी हे करतात. काकडी म्हंजे घोडा. येतानी त्याच्यावर बसून लवकर यावं म्हनून. अन् वांगं म्हंजे गाय. जातानी सावकाश जावं म्हनून."

मला हसू आवरलं नाही. मी म्हटलं, "एवढ्या पुढारलेल्या देशात गाड्या हायेत, इमानं हायेत, अन् येनाऱ्यायले काकडी? या वांग्याचं भरीत कर, पोटात तरी जाईन."

भाऊ हसला नाही. एरवी अशा वेळी तो माझ्या वरताण बोलला असता. त्यानं खाली वाकून वांगं हातात घेतलं. एक पाय निसटत होता, तो त्यानं अंगठ्यानं नीट दाबून बसवला.

"हे कोन करते तिथं?" त्यानं विचारलं. "अडानी लोकं?"

"नाही बाबा. समदेच. शिकलेले बी."

"कुठं ठेवतात?"

"घरात मूर्ती असते बुद्धाची. तिच्यापुढं. गेलेल्या मानसाच्या फोटोपाशी."

"अन् भंते काही म्हनत नाहीत?"

"भंतेच येतात म्हटलं ना, बाबा."

तो बोलला तेव्हा माझ्याकडं किंवा भाचीकडं न पाहता, त्या वांग्याकडं पाहून बोलला.

"तुही माय गेली तवा मी कोनाले घास ठेवू देल्ला नाही. म्हटलं, मेलं मानूस कुठून येते? आपल्यात नाही येत. मले पटलं होतं ते. मी रडलो बी नाही. रडून कोनाले आयकू जाते?" त्यानं वांगं परत ताटलीत ठेवलं. "अन् हे लोकं? हे बी बौद्धच ना? बुद्ध तोच ना? मंग त्यायची मानसं दरसाल घरी येतात, अन् माही काऊन येत नाही?"

माझ्याकडं उत्तर होतं. त्यांचीही येत नाहीत, काकडी काकडीच असते, हे मी वर्गात पोरांना शिकवलेलंच उत्तर होतं आणि ते खरंही होतं. मला ते उच्चारता आलं नाही. ज्या कोरड्या डोळ्यांचा मी गावभर अभिमान मिरवला ते आता माझ्यासमोर भरले आणि वाहायला लागले, आणि मला फार वाईट वाटलं. भाची बापाच्या पायाशी बसली. त्या दिवशी वांगं कुणी चिरलं नाही. आम्ही पिठलं खाल्लं.

जेवण झाल्यावर भावानं हात धुतले, पंच्याला पुसले आणि भाचीला म्हणाला, "जाय तू."

भाचीनं हातातली ताटं खाली ठेवली.

"इथं मले करता येत नाही," तो म्हणाला. "करीन तर खजिनदार पोरासोरायले जमा करून दाखवीन. तिथं चालते ना? तू तिथं कर."

असा माझ्या भावानं मार्ग काढला. श्रद्धा त्यानं परदेशी पाठवली आणि गावातला विवेक जागच्या जागी ठेवला. पुढच्या रविवारी विहारात त्यानं उभं राहून जाहीर केलं, की जपानसारख्या देशात अंधश्रद्धा किती बोकाळली आहे ते आपण त्या दिवशी ऐकलंच, तेव्हा तिथल्या लोकांचं प्रबोधन करायला माझी मुलगी जात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात पहिल्या ओळीतल्या त्या म्हाताऱ्यांनी वाजवल्या, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. खजिनदारांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोटभर पाहिलं.

शेगाव स्टेशनावर आम्ही तिला गाडीत बसवलं. भावानं तिला हजार सूचना दिल्या, त्यात गॅस बंद करण्यापासून अनोळखी माणसाला नमस्कार किती वाकून करायचा इथपर्यंत सगळं होतं. ज्या गोष्टीसाठी तिला पाठवत होता तेवढी सोडून सगळं. गाडी हलल्यावर तो मला म्हणाला, "चहा पेऊ, बाई." आम्ही चहा प्यालो.

तिचे फोन यायचे. म्हाताऱ्या तिला बरं वागवत होत्या. एक आजी तिला रोज नव्यानं नाव विचारायची, आणि कडधान्यं धुणाऱ्या भुताची गोष्ट सांगायची. भाची ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. गावी भाऊ स्वतःचा चहा स्वतः करायला शिकला. मी प्यायले आहे, वाईट असतो.

ऑगस्ट लागला तसं त्याचं मला बोलावणं आलं. कारण काय, तर म्हणे मोबाईलचा आवाज नीट येत नाही, येऊन पाहून जा. मोबाईलला काहीही झालं नव्हतं. मी गेले तर भर दिवसा घराचं दार लावलेलं, खिडकीही लावलेली. आतून कडी घालून माझा विवेकवादी भाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून बसला होता. मी म्हटलं, "खजिनदार येऊन राह्यले का?" तर त्यानं मला गप्प बस म्हणून हात केला.

भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिची खोली लहानशी, आपल्याकडच्या देवघराहून जरा मोठी. तिनं मोबाईल फिरवला. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, शेजारी माझ्या भावजयीचा फोटो, आणि फोटोपुढं एका बशीत काकडी आणि वांगं. दात कोरायच्या काड्यांचे पाय लावलेले. तिकडची वांगी लांबट आणि बारीक, ते बोटभर दिसत होतं.

"बाबा, हे पाहा," ती म्हणाली.

माझ्या जिभेवर नेहमीप्रमाणे काहीतरी आलं होतं. मी भावाकडं पाहिलं आणि ते गिळलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांपाशी नेला आणि ती बशी निरखून पाहिली, पूर्वी मीटर तपासायचा तशी. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"केवढंसं वांगं घेतलं वं," तो म्हणाला. "पाठ दुखते तिची. जरासं मोठं आन."